किनारपट्टीला पासपोर्ट पावसाळ्यात द्या

मागच्या डिसेंबरात मावशीचा पासपोर्ट काढायला आम्ही दोनदा केंद्रावर गेलो आणि दोन्ही वेळा मावशीने घरातल्या दोन खोल्यांचं बुकिंग सोडलं. मालवणात ज्यांच्या घरी पर्यटकांची सोय आहे त्यांना लगेच कळेल हे किती महागात पडतं ते, कारण नाताळ ते थर्टी फर्स्ट या आठ-दहा दिवसांच्या कमाईवर पुढचा अख्खा पावसाळा काढायचा असतो, आणि मावशी एकटी आहे, काका गेल्यापासून खोल्या तीच झाडते, जेवण तीच करते, पाहुण्यांना सकाळी किल्ल्याच्या होडीपर्यंत सोडायलाही तीच जाते. मुलगी मस्कतला, तिला मार्चमध्ये दिवस भरणार होते आणि आईने बाळंतपणाला यावं एवढीच तिची मागणी होती. म्हणजे पासपोर्ट हवा. अॅपॉइंटमेंट ज्या तारखेची मिळाली ती घेतली.

पहिल्या फेरीला काय झालं ते जरा सविस्तर सांगतो कारण माझं सगळं म्हणणं त्यातूनच आलंय. काउंटरवरच्या मुलीने आधार कार्ड बघितलं, दोनदा बघितलं आणि म्हणाली, "काकी, यात जन्मतारीख पूर्ण नाहीये, नुसतं साल आहे." मावशीने माझ्याकडे बघितलं. यादी मीच वाचून दिली होती, जन्मतारखेच्या पुराव्याला आधार चालतं एवढं मी वाचलं होतं, पण नुसतं साल छापलेलं आधार त्याला चालत नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही, जुन्या लोकांच्या कितीतरी आधारवर नुसतं सालच आहे. शाळेचा दाखला? मावशी चौथीपर्यंत शिकली, दाखल्यावर माहेरचं नाव, माहेरचं आडनाव, आणि आमच्याकडे त्या पिढीत लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलायचे त्यामुळे दाखल्यावरची बाई आणि समोर उभी असलेली बाई एकच आहे हे सिद्ध करायला आणखी चार कागद लागणार. मग ती मुलगीच म्हणाली, "पॅन कार्ड आहे का?" होतं की. खोल्या भाड्याने द्यायला लागल्यावर बँकेसाठी काढलेलं पॅन कार्ड, त्यावर पूर्ण जन्मतारीख, घरातल्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, लाइट बिलांच्या खाली.

कागद घरातच होता! नियम चुकीचा नव्हता, काउंटरवरची मुलगी चुकीची नव्हती, उलट तिनेच रस्ता दाखवला. पण हे दहा मिनिटांचं काम मालवणातच कोणी करून दिलं असतं, "हे आधार चालणार नाही, पॅन घेऊन जा" एवढंच सांगितलं असतं, तर एक फेरी, एक दिवस आणि ऐन सीझनमधलं एक बुकिंग वाचलं असतं.

आता कोणी म्हणेल की सगळं ऑनलाइन आहे, घरबसल्या फॉर्म भरता येतो, पैसे भरता येतात, तारीख बदलून मिळते, मग तक्रार कसली. ऑनलाइनने खूप फरक पडलाय हे मी पहिल्यांदा मान्य करतो. २०१० पासून पासपोर्ट सेवा केंद्रं आली, २०१७ पासून पोस्टातली केंद्रं आली ती आज चारशेच्या वर आहेत, २०१८ पासून देशातल्या कुठल्याही केंद्रावर अर्ज करता येतो, पूर्वीसारखं आपल्याच विभागाच्या ऑफिसला चिकटून राहावं लागत नाही. माझं स्वतःचं रिन्यूअल, म्हणजे त्यांच्या भाषेत री-इश्यू, एका फेरीत झालं. पण माझे कागद सरळ होते, माझी नोकरी महिन्याच्या पगाराची होती आणि एक दिवस रजा टाकली तरी पगार कापला जाणार नव्हता. फॉर्म घरी भरता येतो, पण माणसाला बोटं आणि चेहरा घेऊन केंद्रावर जावंच लागतं, आणि ते जाणं प्रत्येकाला सारखं परवडत नाही.

या पोस्टातल्या केंद्रांची योजना आखताना सरकारने मोजमाप धरलं ते लोकसभा मतदारसंघाचं, प्रत्येक मतदारसंघात निदान एक तरी केंद्र. कागदावर चांगलं वाटतं. पण आमचा मतदारसंघ रत्नागिरी-सिंधुदुर्ग, चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत, दोनशे किलोमीटरच्या वर लांब आणि रुंदीला चिंचोळा, मधे घाट, मधे खाड्या, आणि मालवण, वेंगुर्ला, देवगड या किनाऱ्यावरच्या गावांना तर रेल्वे स्टेशनसुद्धा नाही, कुडाळ किंवा कणकवली गाठायचं आणि पुढची गाडी बघायची. शहरातल्या मतदारसंघात "एक केंद्र" म्हणजे रिक्षाचं अंतर. इथे तेच एक केंद्र म्हणजे पहाटेची एसटी, दुपारचं जेवण बाहेर आणि रात्री घरी. मतदारसंघ हे मोजमाप मतदानासाठी ठीक आहे, सेवा पोचवायला किनारपट्टीचं मोजमाप वेगळं धरायला हवं. निदान तालुका तरी धरा.

आणि काम फक्त अंतराने अडत नाही, ते महिन्यांनीही अडतं, याबद्दल कोणी बोलतच नाही म्हणून मी हे लिहायला घेतलं. सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा, १९९७ साली तसा जाहीर झाला. त्यानंतर इथलं कॅलेंडरच बदललं. ऑक्टोबर ते मे सीझन. त्या आठ महिन्यांत होडीवाला होडीवर, खोलीवाली खोलीत, स्वयंपाकवाली चुलीपुढे, शनिवार-रविवार तर मान वर करायला वेळ नाही आणि सोमवारी कपडे धुवायचे असतात. पाऊस आला की सगळं थांबतं. किल्ल्याची होडी वाहतूक बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद. म्हणजे एकसष्ट दिवस असे आहेत की किनाऱ्यावरचा जवळजवळ प्रत्येक माणूस घरी आहे, रिकामा आहे, कागद शोधायला वेळ आहे. आणि नेमका त्याच वेळी आमच्याकडे कुठलाही मेळावा, कॅम्प, शिबिर लावायचं कोणाच्या डोक्यात येत नाही कारण "पावसात कोण येणार". अहो पावसातच येणार! बाकीच्या महिन्यांत कोणाला सवड आहे?

दुसऱ्या फेरीला मावशीचे कागद सगळे नीट होते. अडलं बोटांवर. ठशांच्या मशीनवर ती बोट ठेवायची आणि मशीन घ्यायचंच नाही. ऑपरेटरने बोटं पुसायला लावली, परत, मग थोडं तेल लावून बघितलं, परत. मागे रांग वाढत होती, मावशीचा चेहरा पडला होता, तिला वाटत होतं की आपण काहीतरी चूक करतोय. ती त्या मुलाला म्हणाली, "अरे झिला, ह्या बोटांनी आयुष्यभर मासे कापले, ठसे खंयसून ऱ्हवतले?" तो मुलगा थांबला, तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, मागच्या दोन माणसांना पुढे घेतलं आणि मग शांतपणे एकेक बोट स्वतः दाबून धरून ठसे घेतले. वीसेक मिनिटं गेली असतील. त्या मुलाचे मी मनापासून आभार मानतो. पण त्याने ते चांगुलपणाने केलं, त्याच्याकडे वेळ नसता, वरून कोणी ओरडणारा असता तर मावशीला तिसरी फेरी पडली असती. मासळी साफ करणाऱ्या, जाळं ओढणाऱ्या, खडकावरची कालवं काढणाऱ्या माणसांच्या बोटांची रेषा झिजलेली असते ही किनाऱ्यावरची सर्वसाधारण गोष्ट आहे, इथल्या केंद्राने ती धरूनच चालायला हवं, प्रत्येक माणसामागे थोडा जास्त वेळ ठेवायला हवा.

आता पत्त्याचं. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो कारण यात कोणाचीच चूक नसताना माणूस अडकतो. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, इथे कितीतरी मुलं डायव्हिंग शिकली, पर्यटकांना पाण्याखाली नेतात, त्यांच्या जीवावर जिल्ह्याच्या जाहिराती चालतात. त्यातला एक मुलगा मूळचा इथला नाही, चार वर्षं इथेच काम करतो, त्याला मालदीवला काम मिळण्याची शक्यता होती, पासपोर्ट नव्हता. त्याने सप्टेंबरमध्ये अर्ज केला, राहतो त्या खोलीचा पत्ता घातला, जो खरा होता. ऑक्टोबर लागला, सीझन सुरू झाला, घरमालकाने नेहमीप्रमाणे खोली रिकामी करायला सांगितली कारण आता त्या खोलीचे रोजचे जेवढे येतात तेवढे हा मुलगा महिन्यालाही देऊ शकत नाही. मुलगा दोन गल्ल्या पलीकडे मित्राकडे राहायला गेला. दुसऱ्या आठवड्यात पासपोर्टच्या पडताळणीला पोलीस आले तर खोलीत पुण्याचं कुटुंब. रिपोर्ट गेला: पत्त्यावर आढळला नाही.

घरमालकाला शिव्या घालून उपयोग नाही, त्याचंही घर त्याच पैशावर चालतं. पोलिसानेही जे दिसलं तेच लिहिलं. पण पर्यटनाच्या गावात काम करणाऱ्या माणसाचा पत्ता वर्षातून दोनदा बदलतो हे पर्यटन खात्याला माहीत आहे, ग्रामपंचायतीला माहीत आहे, पोस्टमनला माहीत आहे, मग एकट्या पासपोर्टच्या कागदाला ते का माहीत नसावं? एका फोनने हे सुटलं असतं. पोलिसांनी अर्जातल्या नंबरवर फोन करावा, माणसाला ठाण्यात किंवा कामाच्या जागेवर भेटावं, डायव्हिंग सेंटरच्या मालकाला विचारावं, आणि "आढळला नाही" लिहायच्या आधी दुसरी भेट सक्तीची करावी, मधे पंधरा दिवस ठेवून. दुसरीकडे भाडेकराराचं बघायला हवं. नोंदणी केलेला करार पुराव्याला चालतो, पण इथे कोणी करारच करत नाही, चार महिन्यांसाठी कोण करणार. नगरपालिकेने हंगामी कामगारांची साधी नोंद ठेवली आणि तिचा दाखला पोलिसांनी पडताळणीत धरला तर करार नसतानाही माणूस कागदावर राहील. पर्यटन आपल्याला हवंय तर ते चालवणारी माणसं पण कागदावर दिसायला हवीत.

इथे सुरक्षेचा प्रश्न येतो आणि तो मी हलका मानत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत आलेले लोक समुद्रातूनच आले होते. त्यानंतर किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं दिली गेली, बोटींवर नंबर आणि रंग आले. किनारा नाजूक आहे म्हणून पडताळणी कडक हवी, अगदी मान्य. पण कडक पडताळणी म्हणजे माणूस खरोखर कोण आहे ते शोधणं, आणि ते बंद दारावर एकदा टकटक करून होत नाही. उलट बीटचा हवालदार जो रोज जेटीवर उभा असतो, ज्याला कुठली बोट कोणाची आणि खलाशी कुठले हे पाठ आहे, त्याच्याकडे वेळ आणि मोकळीक दिली तर किनाऱ्यावरची पडताळणी शहरातल्या बिल्डिंगमधल्या पडताळणीपेक्षा जास्त पक्की होईल. मावशीच्या वेळी तेच झालं, हवालदाराचा फोन आला तेव्हा ती बाजारात होती, तो तिथेच येऊन भेटला, शेजारच्या दोघींना विचारलं, काम झालं. एक रुपया मागितला नाही, आणि तो मागायचाही नसतो, पडताळणीचे पैसे केंद्र सरकार राज्याला देतं, हे प्रत्येक अर्जदाराला माहीत असायला हवं.

माहिती नसली की जी पोकळी होते त्यात एजंट बसतो. मावशीला एकाने सांगितलं होतं की तुम्ही दहावी नाही, तुमच्या पासपोर्टवर ईसीआर येणार, मस्कतला जाता येणार नाही, चार हजार द्या मी तो काढून देतो. ईसीआर म्हणजे परदेशी नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते अशी नोंद, १९८३ च्या कायद्यातली, कमी शिकलेल्या कामगारांची आखातात फसवणूक होऊ नये म्हणून केलेली, आणि अशी परवानगी लागणाऱ्या देशांच्या यादीत ओमान, म्हणजे मस्कतचा देश, आहेही. पण ही अट नोकरीला जाणाऱ्यांसाठी, मुलीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आईसाठी नाही. आणि दुसरं म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्यांना ती नोंद लागतच नाही. मावशी अठ्ठावन्नची. म्हणजे जे मुळात तिला लागू नाही ते काढून द्यायचे चार हजार! सरकारी फी साध्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, तत्काळला वर २००० रुपये, अठरा वर्षांखालच्या मुलांना १००० रुपये. एवढंच. सरकारी वेबसाइटसारख्या दिसणाऱ्या खोट्या साइट्स जास्त पैसे उकळतात असा इशारा परराष्ट्र खात्याने अनेकदा दिलाय, पण तो इशाराही ऑनलाइनच असतो, जी बाई ऑनलाइन जात नाही म्हणून एजंटकडे जाते तिच्यापर्यंत तो पोचणार कसा? मासळी बाजारात आणि एसटी स्टँडवर एक मोठा बोर्ड लावा, मराठीत, फी किती, कागद कुठले, पोलिसाला काही द्यायचं नाही. त्याला कितीसा खर्च येणार?

"पण इथून परदेशात जातं कोण" असंही मी ऐकलंय, तेही जबाबदार माणसाच्या तोंडून. कोकणातला माणूस पिढ्यानपिढ्या बोटीवर जातोय, आखातात जातोय, इथे गावागावात मर्चंट नेव्हीतली मुलं आहेत, आणि त्यांच्या घरात वेगळाच घोळ असतो. नवरा जहाजावर, बाळाचा पासपोर्ट काढायचाय, दोन्ही पालकांच्या सह्या लागतात, परदेशात असलेल्या पालकाचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून आणा म्हणतात, पण तो कुठल्या देशात नाहीच आहे, भर समुद्रात आहे. एका पालकाच्या सहीने अर्ज करायचा नमुना उपलब्ध आहे, तो काउंटरवर पोचेपर्यंत कितीजणींना माहीत असतो? हे सगळे प्रश्न किनाऱ्यावरच्या गावात नेहमीचे आहेत, अपवादातले नाहीत.

आणि समजा दहाच माणसं जाणार असतील, तरीही. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने सतवंत सिंग खटल्यात सांगितलं की परदेशी जाणं हा माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, सरकारने मर्जीने द्यायची गोष्ट नाही, त्यामुळेच त्या वर्षी पासपोर्टचा कायदा करावा लागला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात कोर्ट आणखी पुढे गेलं, पासपोर्ट काढून घेण्याची पद्धतसुद्धा न्याय्य आणि रास्त असली पाहिजे म्हणालं. मला वाटतं देण्याच्या पद्धतीलाही तेच लागू व्हायला हवं. जी पद्धत पगारी माणसाला एका रजेत पासपोर्ट देते आणि खोली भाड्याने देणाऱ्या विधवेकडून हंगामाची कमाई घेते, ती रास्त आहे असं मला म्हणता येत नाही. येणाऱ्या पर्यटकासाठी आम्ही ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीला विमानतळ उघडला, चांगलं झालं, पण ज्या घरात तो पर्यटक उतरतो त्या घरातल्या बाईलाही कधीतरी विमानात बसायचं असतं.

मागणी फार मोठी नाही. नवीन इमारत नको, नवीन भरती नको. परराष्ट्र खात्याने काही ठिकाणी फिरत्या पासपोर्ट व्हॅन सुरू केल्यात, तशी एक व्हॅन जून-जुलैत किनाऱ्यावर पाठवा, मालवणला चार दिवस, वेंगुर्ल्याला चार, देवगडला चार. त्याच्या आधी मे महिन्याच्या शेवटी तालुक्याच्या पोस्टात एक माणूस बसवा ज्याचं काम फक्त कागद बघून सांगायचं, हे चालेल, हे चालणार नाही, हे घरून आण. पोस्टमन आधीच हे गाव ओळखतो, पासपोर्ट शेवटी स्पीड पोस्टाने त्याच्याच हातून येतो, आणि अर्जदार भेटला नाही तर परत जातो, तेव्हा माणूस कधी घरी असतो हे त्याला विचारूनच व्हॅनची तारीख ठरवा. पावसात लाइट जाते, नेट जातं, हे मला माहीत आहे, तालुक्याच्या ठिकाणी जनरेटर असलेलं सरकारी ऑफिस एक तरी असतंच, व्हॅन त्याच्या आवारात उभी करा.

मावशीचा पासपोर्ट जानेवारीत आला, व्हिसा झाला, फेब्रुवारीच्या शेवटी ती गेली आणि तीन महिने राहून आली. तो डायव्हिंगवाला मुलगा अजून इथेच आहे. मालदीवची जागा भरली. त्याने आता परत अर्ज भरायचं ठरवलंय, यावेळी गावाकडचा पत्ता घालणार आहे, म्हणजे पोलीस येतील तेव्हा त्याला सीझन टाकून गावी जाऊन बसावं लागेल, आणि मालकाने तेवढे दिवस सोडलं नाही तर काय करायचं हे त्याने मला विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.